फ्रांजेरे म्हणजे मोडणे

आमच्या गावात काहीही मोडत नाही. म्हणजे मोडतं सगळंच, पण तसं म्हणायचं नसतं. बांगडी फुटली की ती ‘वाढली’. मंगळसूत्राचा दोरा तुटला की मंगळसूत्र ‘वाढलं’. देवळात नारळ ‘वाढवतात’. दिवा विझवत नाहीत, ‘शांत करतात’. आणि घराबाहेर पडणारा माणूस जीव गेला तरी ‘जातो’ म्हणणार नाही, ‘येतो’ म्हणेल. ‘जातंय’ म्हणून निघालेलं माणूस परत येत नाही, असं माझी सासू सांगायची. माझा नवरा दिवाळीनंतर गलबतावर निघाला, तेव्हा त्यानेही पायरीवर उभं राहून रीतसर ‘येतंय हां’ म्हटलं. मी एकवीस वर्षांची होते, शब्दावर विश्वास ठेवायचं वय होतं. त्या ‘येतंय’ला बारा वर्षं होत आली, तेव्हाची ही गोष्ट.

बारा वर्षांचं काय, ते सांगते. माणूस बेपत्ता झाला, ना चिठ्ठी ना निरोप, तर बारा वर्षं वाट बघायची. बारा भरली की दर्भाचा पुतळा करायचा, त्याला त्या माणसाचं नाव द्यायचं आणि तो जाळायचा. मग त्याच्या बायकोचं कुंकू पुसायचं आणि बांगड्या फोडायच्या. हो, तेव्हा मात्र ‘फोडायच्या’. तेव्हा कुणी ‘वाढवायच्या’ म्हणत नाही. चुकून एका काकणाला तडा गेला तर शब्दांचं केवढं सोवळं, आणि दगडावर हात आपटायची वेळ आली की सरळ फोडा!

माझा नवरा ज्या गलबतावरून गेला होता ते मंगळुरी कौलं घेऊन सुखरूप परत आलं. हा कोचीला उतरला, तिथे एका मोठ्या गलबतावर त्याला काम मिळालं, असं बरोबरचे खलाशी सांगत आले. मग सहा महिन्यांनी कुणीतरी बंदरावर ऐकलं की ते मोठं गलबत वादळात गेलं. कुणी ऐकलं, कुणाच्या तोंडून ऐकलं, देव जाणे. तेवढ्यावर मी अर्धी विधवा झाले. अर्धी म्हणजे हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, पण ओटी भरताना हात आखडायचे. लग्नघरात जात्याला हात लावायला सवाष्णी लागतात, तिथे मला म्हणायचे, ‘‘बाई, तुम्ही जरा चाय बघा हां.’’ बारा वर्षं मी गावातल्या यच्चयावत लग्नांत चहा बघितला.

‘बाई’ हे माझं नाव पडलं होतं, कारण मी गावच्या शाळेत शिकवायचे. लग्नाआधी सातवी झाले होते, तेवढ्यावर मास्तरीण झाले आणि सासूचं नि माझं पोट त्यावर चाललं. मला कुणी विचारलं नाही, पण सांगते. मला तो परत यायला हवा होता. दीड वर्षाचा संसार, त्यातले आठ महिने तो समुद्रावर, त्यात प्रेम ते किती होणार? पण हवा होता. त्याचा एक सदरा दर वर्षी पाऊस सरला की मी उन्हात टाकायचे, झटकायचे आणि पुन्हा घडी करून ठेवायचे. बांगड्या हातात होत्या तोवर त्या सदऱ्याला अर्थ होता. त्या फुटल्या की सदराही कुणाला तरी देऊन टाकायचा, हे मला ठाऊक होतं. म्हणून मला त्या हातात हव्या होत्या.

भावकीतले थोरले म्हणजे माझे चुलतसासरे. माणूस वाईट नाही, पण दुसऱ्याच्या घरचं कार्य उरकायची भारी हौस. श्रावणातच ते खळ्यात, म्हणजे आमच्या अंगणात, येऊन बसले आणि सासूला म्हणाले, ‘‘वयनी, दिवाळी झाली काय बारा वर्सां भरतली. भटाक सांगून ठेवलंय.’’ सासू सुपात तांदूळ निवडत होती. मी आतून म्हटलं, ‘‘दिवाळीचो फराळ तरी गोड लागांदे माका.’’ ते खाकरले आणि उठून गेले.

त्याच श्रावणात पाद्रीबाब आमच्याकडे यायला लागले. देवळाच्या पलीकडे वीसेक घरं किरिस्तावांची, त्यांची चुन्याने रंगवलेली इगर्ज, म्हणजे चर्च, आणि तिथे हे गोव्याकडचे म्हातारे पाद्री. लांब झगा, डोक्यावर छत्री, आणि भाषा अर्धी कोकणी, अर्धी कुठल्याशा पुस्तकातली. इथे मी ती जरा सरळ करून लिहिते, मास्तरणीची खोड.

खळ्यातल्या खुर्चीवर बसून ते म्हणाले, ‘‘बाई, मला मराठी शिकवा.’’

‘‘या वयात?’’

‘‘रोमहून हुकूम आहे. पूजा लोकांच्या भाषेत करायची. चाळीस वर्षं मी देवाशी लॅटिनमध्ये बोललो. आता म्हणतात, मराठीत बोल. देवाचं काय, त्याला सगळ्या भाषा येतात. पंचाईत माझी आहे.’’

नाताळाच्या आधीचे चार रविवार त्यांच्यात मोठे मानतात, त्यांतल्या पहिल्या रविवारी त्यांना ही नवी पूजा म्हणायची होती. लोक हसतील याची धास्ती त्यांनी घेतली होती. सासूने आधी संशय घेतला. ‘‘बाटवूक येता काय गो तो?’’ पण पाद्रीबाबने इगर्जीतले पेरू आणले, तिच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि तिच्या हातची सोलकढी दोन वाट्या प्यायले. मग ती म्हणाली, ‘‘बरो आसा बिचारो.’’ दर गुरुवारी दुपारी शिकवणी सुरू झाली. सासू दारात तांदूळ निवडत बसायची आणि दोघांच्याही चुका काढायची.

वरून आलेला कागद घेऊन ते वाचायचे. एक दिवस वाचता वाचता अडले. ‘त्याने भाकर घेतली, आभार मानले, ती भंगून शिष्यांना दिली.’ मला हसू आलं.

‘‘भंगून कोण म्हणतं, पाद्रीबाब? भंगते ती मूर्ती. तुमचे लोक खरंच हसतील.’’

‘‘मग काय म्हणू? मोडली?’’

सासूने सूप खाली ठेवलं. ‘‘देवाच्या फुडे मोडली-फोडली म्हणतत काय? वाढवली म्हण.’’

आणि मी शहाणी! ज्या चालीने मला बारा वर्षं चहा बघायला लावला, तीच चाल मी पाद्रीबाबला शिकवली. म्हटलं, बरोबर आहे, शुभकार्यात मोडण्याचं नाव काढू नये. ‘भंगून’वर काट मारली आणि माझ्या वळणदार अक्षरात पेन्सिलीने वर लिहिलं, ‘वाढवली’. पाद्रीबाबने चष्मा पुसून ते वाचलं, पण त्यांच्या मनाचं समाधान होईना.

‘‘मूळ शब्द फ्रेजित आहे,’’ ते म्हणाले. ‘‘फ्रांगो, फ्रांजेरे. म्हणजे मोडणे. सरळ मोडणे, बाई. त्याला लाज नाही.’’

त्यानंतर दर गुरुवारी मी त्यांना मराठी शिकवायचे आणि ते मला हे एकच क्रियापद शिकवायचे. म्हाताऱ्याला तो शब्द फार प्रिय होता. आम्ही फांदी तोडतो, नारळ फोडतो, लाकूड मोडतो, आमची लाट फुटते, धान्य भरडलं जातं. लॅटिनवाला या सगळ्याला फ्रांजेरे म्हणतो. पाव त्यानेच मोडायचा, हाडही त्यानेच. शत्रूचं बळ त्यानेच मोडायचं, करारही, दिलेला शब्दही. पाद्रीबाब खळ्यातली वाळकी काडी उचलून कटकन मोडायचे आणि म्हणायचे, ‘‘फ्रांगो.’’ सासू म्हणायची, ‘‘चुलीसाठी ठेवलली रे ती!’’

एकदा ते म्हणाले, ‘‘माणूससुद्धा फ्रांजेरे होतो. आतून मोडतो. पण त्याचा आणखी एक अर्थ आहे. मोडलेला माणूस मऊ होतो, त्याला दया येते.’’

‘‘तो तुमच्या रोममध्ये,’’ मी म्हटलं. ‘‘आमच्याकडे मोडलेलं माणूस खवचट होतं. माझ्याकडे बघा.’’

ते हसले. मग बोलण्याच्या भरात म्हणाले, ‘‘आणि जहाज. जहाजालाही तोच शब्द. नाउफ्राजियुम. नाव म्हणजे जहाज, ते फ्रांजेरे झालं की...’’ आणि तिथे त्यांची जीभ थांबली. सासूचा सुपावरचा हात थांबला होता. मी वहीकडे बघत राहिले. आमच्या घरात बारा वर्षांत जहाजफुटीचा शब्द कुणी कुठल्याच भाषेत उच्चारला नव्हता.

‘‘माफ करा, बाई,’’ ते म्हणाले.

‘‘कसली माफी? तुमच्या शब्दाला लाज नाही म्हणालात ना.’’ मग मी त्यांना सगळं सांगितलं. कोची, मोठं गलबत, बंदरावरची अफवा, दर्भाचा पुतळा. दिवाळीला अडीच महिने उरले होते.

पाद्रीबाबने छत्री बाजूला ठेवली. मग म्हणाले, कोचीत एक पाद्री आहे, त्याला पत्र लिहितो. त्याला कोकणी येत नाही, मला त्याची भाषा येत नाही, इंग्रजी माझं बेताचं. पण आम्हा पाद्र्यांना लॅटिन आहे. ज्या भाषेला चार महिन्यांत रजा मिळायची होती, तिच्यातच माझ्या नवऱ्याचा शोध सुरू झाला. सासू म्हणाली, ‘‘लिही रे बाबा, लिही. डाव्या भुवयेर वण आसा म्हणून लिही.’’ मी लिहून दिलं नाव, गाव, वण, आणि गलबताचं नाव.

चतुर्थी गेली, दसरा गेला. उत्तर नाही. चुलतसासऱ्यांनी भटजीकडून दिवस काढून आणला, तुळशीच्या लग्नानंतरचा. दिवाळीच्या आधी कासारीण आली, तेव्हा सासूने मला डझनभर हिरव्या बांगड्या भरायला लावल्या. ‘‘फुडचां फुडे. दिवाळीक हात रिते नको.’’ मी म्हटलं, ‘‘आये, दीस किती रवले, कशाक नवी?’’ ती म्हणाली, ‘‘तोपर्यंत सवाष्णच आसंस मां तू?’’ आणि डोळ्यांना पदर लावला. मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली, दोन्ही एकदम.

तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलं असताना पाद्रीबाब आले. गुरुवार नव्हता, तेव्हाच मी समजले. ते खुर्चीवर न बसता उभेच राहिले. हातात पत्र होतं.

‘‘नावीस नॉन फ्राक्ता,’’ त्यांनी वाचलं. ‘‘जहाज मोडलं नाही, बाई. ते गलबत अजून चालतं. आणि तो त्याच्यावर चढलाच नव्हता.’’

‘‘मग?’’

‘‘कोचीतच आहे. दोरखंडाचं दुकान आहे. भुवईवर वण आहे.’’

सासूच्या हातातून सूप पडलं, तांदूळ खळाभर झाले. ‘‘जिवंत आसा! गे माझे बाये, माझो झील जिवंत आसा!’’ ती धावत आत गेली. आतून गुळाच्या डब्याचं झाकण वाजलं.

पाद्रीबाब पत्र बंद करत नव्हते. मी विचारलं, ‘‘आणखी काय लिहिलंय?’’

‘‘घर आहे त्याचं.’’

‘‘घर म्हणजे?’’

‘‘बायको आहे. दोन मुलगे आहेत. मोठा दहा वर्षांचा.’’ त्यांनी पुढची ओळ बोटाने दाखवली, जणू मला वाचता येणार होती. ‘‘त्या पाद्र्याने लिहिलंय, फिदेम फ्रेजित. दिलेला शब्द त्याने...’’ त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. नव्याकोऱ्या हिरव्या बांगड्या. तो भला म्हातारा शब्द शोधत राहिला. फ्रेजित म्हणजे काय हे मला त्यांच्याइतकंच पाठ होतं, आणि तरी मला लागू नये म्हणून त्यांनी मीच शिकवलेला शब्द काढला. हळूच म्हणाले, ‘‘शब्द त्याने वाढवला, बाई.’’

मी हसले. हसू आवरेना, पोटात कळ येईपर्यंत हसले, आणि मग तिथेच तांदळात बसून रडले. दहा वर्षांचा मुलगा! म्हणजे मी दुसऱ्यांदा सदरा उन्हात टाकला तेव्हा तिकडे पाळणा हलत होता. समुद्रावर मी बारा वर्षं डोळे लावून बसले होते, आणि बिचाऱ्या समुद्राने काहीच केलं नव्हतं.

गावाने काय केलं ते ऐका. गाव आनंदलं. चुलतसासरे धावत आले, सगळं ऐकलं, दोन मुलग्यांचंही ऐकलं, आणि म्हणाले, ‘‘असांदे. पुरुषाची जात. पण तुझां सौभाग्य अखंड रवलां गो!’’ दर्भाचा पुतळा रद्द झाला, भटजीला निरोप गेला, देवळात नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं. मी आता पुरी सवाष्ण. अर्ध्या नवऱ्याची, पण पुरी सवाष्ण. दोन दिवसांत वरच्या वाडीतल्या लग्नघरातून बोलावणं आलं, जात्याला पहिला हात बाईंचा. मी निरोप धाडला की माझा हात चहाला बसलाय, मी आपली चहाच बघते.

देवळातून ‘वाढवलेल्या’ नारळाची अर्धी भकलं घरी आली, त्या दिवशी मी खळ्यातल्या तुळशीजवळ बसले. तिथे एक काळा दगड आहे, आम्ही त्याच्यावर नारळ फोडतो. आधी डावा हात, मग उजवा. एकेक करून. नवी काच होती, लवकर फुटेना, मनगटाला दोन ठिकाणी लागलं. आवाजाने सासू बाहेर आली आणि तिने तोंडावर हात मारून घेतला.

‘‘अगो मेले, घोव जितो आसताना काकणां वाढवतंस?’’

बघा, तेव्हासुद्धा ‘वाढवतंस’! मी म्हटलं, ‘‘वाढवूक नाय, आये. फोडलंय.’’

तिला ओरडायचं होतं, ते दिसत होतं. पण तिने पदराची चिंधी फाडली आणि माझं मनगट बांधलं. काचा मीच गोळा केल्या.

पुढच्या गुरुवारी पाद्रीबाब आले, त्यांनी माझे हात बघितले आणि खुर्ची ओढून घेतली. मी त्यांचा कागद मागून घेतला, रबराने ‘वाढवली’ खोडलं आणि तिथे ‘मोडली’ लिहिलं.

‘‘पण अशुभ नाही का?’’ म्हाताऱ्याने विचारलं.

‘‘सगळी भाकर अख्खीच ठेवली तर तुमच्या शिष्यांनी खायचं काय?’’

नव्या पूजेच्या रविवारी मी इगर्जीच्या दाराबाहेर उभी राहिले. आत जायची माझी छाती नव्हती. पाद्रीबाब दोनदा अडखळले, पण कुणी हसलं नाही. त्या शब्दापाशी आल्यावर ते जरा थांबले आणि मग स्पष्ट म्हणाले, ‘‘मोडली.’’ मी घरी येऊन आमटीला फोडणी घातली.

तो सदरा मी पाद्रीबाबच्या घंटा वाजवणाऱ्याला दिला. त्याला तो तंग होत होता, पण त्याने वापरला.

मे महिन्यात माझी बदली पाच कोसांवरच्या शाळेत झाली. मीच मागून घेतली होती. सासूला म्हटलं चल, तर ती म्हणाली, ‘‘झील इलो आणि घराक कुलूप बघल्यान तर?’’ जिवंत असल्याचं कळल्यापासून तिचं वाट बघणं नव्याने सुरू झालं होतं. तिला पत्राचं उत्तरही पाठवायचं होतं, ‘ये’ म्हणून. पाद्रीबाबने ते पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही.

निघताना ट्रंक गाडीत गेली, मी पायरी उतरले आणि म्हटलं, ‘‘आये, जातंय.’’

‘‘अगो, येतंय म्हण! दारात कसलां अभद्र बोलतंस!’’

‘‘नाय. जातंय.’’

ती पाठमोरी झाली. गाडी वळेपर्यंत तिने मागे बघितलं नाही.

त्यानंतर दर रविवारी मी तिच्याकडे यायचे. येताना मासळी आणायचे, तिचं डोकं धुवायचे, आठवड्याचे तांदूळ निवडून ठेवायचे, आणि संध्याकाळी निघताना ‘जातंय’ म्हणायचे. पहिली काही वर्षं ती दर वेळी चिडायची. मग तिची नजर गेली, चिडणंही कमी झालं. तिच्या शेवटच्या वर्षातल्या एका रविवारी मी उंबऱ्यावर चप्पल घालत होते. तिची दया येऊन, आजच्या दिवस तिच्या मनासारखं म्हणावं असं वाटलं. म्हटलं, ‘‘आये, येतंय हां.’’

ती अंथरुणातून उठून बसली. माझा आवाज होता त्या दिशेला तिने हात पुढे केला.

‘‘नको गो,’’ ती म्हणाली. ‘‘तू आपला जातंयच म्हण. तसा म्हणणारा माणूस येता.’’